मजुरी : मालकाची मेहेरबानी की मजुराचा हक्क?

लहान दुकान-कारखान्यांसाठी वेतनाचा एक धडा

आपल्या समाजात मोठे कारखानदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. बहुसंख्य लोक लहान धंद्यांत आहेत. कोणाचे शिलाईचे दुकान आहे, कोणाची बेकरी, कोणाचे गॅरेज, कोणाचे वेल्डिंगचे काम, तर कोणाचे मालेगाव-भिवंडीत चार-सहा माग. अशा ठिकाणी दोनपासून दहापर्यंत माणसे कामाला असतात. तेथे ना मस्टर असते, ना वेतनपत्रक. सगळा हिशोब शेठच्या डोक्यात असतो. ‘कारागिराला पगार किती देता?’ असे विचारले तर उत्तर येते, ‘देतो की व्यवस्थित. घरच्यासारखाच आहे तो.’

‘घरच्यासारखा’ हा शब्द चांगला आहे. परंतु त्याच्या आडून कितीतरी अन्याय नकळत घडतो. घरच्या माणसाचा घरात वाटा असतो, वारशात हिस्सा असतो. कारागिराचा आपल्या दुकानात असा कोणताही वाटा नसतो. त्याचा वाटा एकच, तो म्हणजे त्याची मजुरी. ती अस्पष्ट ठेवली, उशिरा दिली किंवा आपल्या मर्जीवर सोडली तर ‘घरच्यासारखा’ म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

मजुरी किती असावी, केव्हा द्यावी आणि तिचा हिशोब कसा ठेवावा, या तीन गोष्टींचा विचार या लेखात करावयाचा आहे.

१. मजुरी हे मालकावरील कर्ज आहे

पवित्र कुरआनच्या सूरह कससमध्ये ह. मूसा (अलै.) यांचा मदयनमधील प्रसंग आला आहे. विहिरीवर दोन मुलींच्या मेंढरांना त्यांनी पाणी पाजले. हे काम त्यांनी कोणत्याही अपेक्षेविना केले होते. तरीही त्या मुलींच्या वडिलांनी त्यांना बोलावून घेतले, ते या श्रमाचा मोबदला देण्यासाठी. पुढे मुलीने त्यांना कामावर ठेवण्याची शिफारस केली, तेव्हा सामर्थ्य आणि विश्वासूपणा हे दोन गुण सांगितले. नंतर वडिलांनी अटी स्पष्ट केल्या. मुदत आठ वर्षांची, दहा पूर्ण केली तर ती त्यांच्या खुषीची गोष्ट, आणि आपण त्यांच्यावर कठीण ओझे टाकू इच्छित नाही हेही सांगितले. काम, मुदत आणि मोबदला या तिन्ही गोष्टी आधीच ठरल्या आणि अल्लाहला साक्षी ठेवून ठरल्या. आजच्या भाषेत सांगायचे तर हा नेमणुकीचा करारच होय.

प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण याबाबतीत अत्यंत स्पष्ट आहे. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी देण्याची ताकीद इब्ने माजा यांच्या संग्रहात आहे. मजुरी न सांगता कोणाला कामास लावण्याची मनाई मुस्नद अहमदमध्ये आली आहे. बुखारी शरीफमधील एका हदीसीत तर अंगावर काटा यावा असा इशारा आहे. कयामतच्या दिवशी अल्लाह स्वतः ज्या तीन प्रकारच्या लोकांविरुद्ध वादी म्हणून उभा राहील, त्यांपैकी एक म्हणजे मजुराकडून पुरेपूर काम करून घेऊन त्याची मजुरी न देणारा.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माणसाचे अल्लाहविषयी जे कर्तव्य राहून जाते त्यासाठी तौबा आहे. परंतु बंद्याचा हक्क बंद्यालाच परत करावा लागतो किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावा लागतो. कारागिराचे बुडवलेले पाचशे रुपये मशिदीच्या पेटीत टाकल्याने फिटत नाहीत. कारागीर हयात असताना ते त्याच्याच हातात गेले पाहिजेत.

मजुरी हे कर्ज असेल तर त्याची लिखापढीही हवी. कुरआनची सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आणि साक्षीदार ठेवण्याविषयी आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे तेथे शिकवले आहे. गिऱ्हाइकाची उधारी आपण वहीत लिहितो. मग कारागिराचे देणेच तोंडी का राहावे?

२. कारागीर दोन प्रकारचे

आपल्या फिकहच्या ग्रंथांत ‘इजारा’ म्हणजे मोबदल्यावर काम करून घेण्याच्या व्यवहाराचे स्वतंत्र प्रकरण असते. त्यात काम करणाऱ्यांचे दोन प्रकार सांगितले आहेत. हा फरक समजला तर रोजचे निम्मे तंटे मिटतात.

पहिला ‘अजीरे खास’. हा ठराविक वेळेसाठी एकाच मालकाचा असतो. महिन्याच्या पगारावरचा सेल्समन, गॅरेजमधला मिस्त्री, बेकरीतला कामगार हे या प्रकारात येतात. हा आपला वेळ विकतो. हनफी फिकहचा नियम असा की, तो वेळेवर हजर राहिला आणि कामास तयार असला, तर मालकाने काम दिले नाही तरी तो मजुरीचा हक्कदार ठरतो. याचा आपल्या धंद्यातील अर्थ सरळ आहे. वीज गेली, माल आला नाही, पावसाने गिऱ्हाईक फिरकले नाही, या कारणांसाठी महिन्याच्या पगारातून दिवस कापता येणार नाही. धंद्यातला नफा मालकाचा आहे, तर धोकाही मालकाचाच आहे.

दुसरा ‘अजीरे मुश्तरक’. हा अनेकांची कामे घेतो. गल्लीतला शिंपी, रंगारी, धोबी, घड्याळ दुरुस्त करणारा हे या प्रकारात येतात. हा वेळ विकत नाही, काम विकतो. काम पुरे झाल्यावर तो मजुरीचा हक्कदार होतो.

गोंधळ होतो तो तिसऱ्या ठिकाणी. कारागीर सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत आपल्याच दुकानात बसतो, दुसऱ्याचे काम घेण्याची त्याला मुभा नसते, पण पैसे मात्र नगावर मिळतात. काम असेल तेव्हा त्याला उक्ते धरायचे आणि दुसरीकडे जाऊ लागला की नोकर धरायचे, असा दुहेरी हिशोब काहीजण करतात. त्याचा वेळ आपण बांधून ठेवला असेल तर रिकाम्या वेळेचाही काही मोबदला ठरवावा. नसेल तर त्याला बाहेरचे काम घेण्याची मोकळीक द्यावी.

मजुरीची रक्कम आधी ठरलेली असावी, हा फिकहचा आणखी एक महत्त्वाचा नियम. ‘काम तर कर, पुढे बघू’, ‘तुला खूश करीन’ असे सांगून ठेवलेला व्यवहार सदोष ठरतो. असे काम होऊन गेले तर त्या कामाची बाजारात जी रास्त मजुरी असेल ती द्यावी लागते. तिला ‘उजरते मिस्ल’ म्हणतात. इमाम बुर्हानुद्दीन मर्गिनानी (मृत्यू इ.स. ११९७) यांच्या ‘हिदाया’ या ग्रंथात विणकराचे उदाहरणच दिले आहे. कोणी विणकराला सूत दिले आणि विणलेल्या कापडातील निम्मे कापड मजुरी म्हणून ठरवले, तर असा व्यवहार योग्य नाही आणि विणकराला रास्त मजुरी द्यावी. बल्ख येथील विद्वानांनी मात्र तेथील रूढी पाहून याला परवानगी दिली होती. आठशे वर्षांपूर्वीही आपले विद्वान विणकराच्या मजुरीची इतक्या बारकाईने चर्चा करीत होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपल्या धंद्यात अशी वाटणीची पद्धत असेल तर स्थानिक आलिमांना विचारून घ्यावे.

३. मजुरी किती असावी?

रास्त मजुरी ठरवताना तीन मापे लावावीत.

पहिले माप कायद्याचे. किमान वेतनाचा कायदा आपल्या देशात १९४८ साली आला. आता वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून १९३६ चा वेतन प्रदान कायदा, १९४८ चा किमान वेतन कायदा, १९६५ चा बोनस कायदा आणि १९७६ चा समान वेतन कायदा तिच्यात सामावले आहेत. किमान वेतनाचा हक्क आता सर्व प्रकारच्या कामांना लागू आहे. दर कामाचे कौशल्य आणि ठिकाण यांनुसार ठरतात. महागाईप्रमाणे त्यात फेर होत असल्याने वर्षातून दोनदा आपल्या धंद्याचा दर कामगार कार्यालयातून किंवा आपल्या कर-सल्लागाराकडून माहीत करून घ्यावा. किमान वेतन ही कमाल मर्यादा नव्हे. त्याच्या खाली जाता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

दुसरे माप बाजाराचे. शेजारच्या गल्लीत त्याच हाताच्या कारागिराला काय मिळते? आपण त्याहून कमी देत असू आणि तो केवळ ओळखीमुळे, भिडेमुळे किंवा आपली उचल बाकी असल्यामुळे थांबला असेल, तर आपण त्याच्या अडचणीचा फायदा घेत आहोत.

तिसरे माप गरजेचे. सेवकांना आपले भाऊ समजावे, जे आपण खातो ते त्यांना खाऊ घालावे, जे नेसतो ते नेसवावे, शक्तीबाहेर काम देऊ नये आणि दिलेच तर स्वतः हातभार लावावा, ही शिकवण ह. अबू जर (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसीत आहे. पूर्ण वेळ राबूनही माणसाचे घरभाडे, रेशन आणि मुलांची फी निघत नसेल, तर तो दर बाजाराचा असला तरी मुसलमान व्यापाऱ्याला त्यावर समाधान मानता येणार नाही.

ही तीन मापे लावून दर ठरवावा आणि तो माणसाचा नव्हे, कामाचा ठरवावा. लहान दुकानातही तीन पायऱ्या सहज करता येतात. शिकाऊ, निम्मा कारागीर आणि पूर्ण कारागीर. प्रत्येक पायरीला काय काम आले पाहिजे आणि पगार किती, हे कागदावर लिहावे. मग पुतण्या असो वा परगावचा मुलगा, त्या पायरीवर आला की पगार तोच. पुतण्याला अधिक द्यावयाचे असेल तर ते घरच्या खिशातून द्यावे, गल्ल्यातून पगार म्हणून नव्हे. स्त्रियांच्या बाबतीतही हाच न्याय. काज-बटण, जरीकाम, पॅकिंग ही कामे स्त्रिया करतात म्हणून त्यांचा दर कमी ठेवणे हे शरीअतलाही मान्य नाही आणि कायद्यालाही नाही.

शिकाऊंबद्दल वेगळा इशारा द्यावासा वाटतो. ‘अजून शिकतोय’ म्हणून तीन-तीन वर्षे चहा-नाश्त्यावर राबवण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. शिकण्याची मुदत आधी ठरवावी आणि दर सहा महिन्यांनी रक्कम वाढवावी. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे तर गुन्हाच आहे. त्याची जागा शाळेत आहे.

४. नगावरच्या मजुरीतील लपलेली कपात

नगावर दर देताना पुष्कळदा मालकाचा हेतू वाईट नसतो, पण हिशोब चुकतो. एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.

समजा, शिलाईच्या दुकानात आठ तासांच्या कामाची रास्त मजुरी ६०० रुपये ठरली. मध्यम हाताचा कारागीर, म्हणजे सर्वांत जलदही नव्हे आणि सर्वांत संथही नव्हे, नमाज-जेवणाची सुट्टी धरून दिवसाला १२ शर्ट शिवतो. तेव्हा शर्टाचा दर ५० रुपये निघाला. पुढे नवीन फॅशनचा शर्ट आला. त्याला दोन खिसे आणि फ्लॅप. आता तोच कारागीर दिवसाला १० शर्ट शिवतो. मालक म्हणतो, ‘दर तोच आहे, मी कुठे कमी केला?’ पण कारागिराचे दिवसाला ५०० रुपयेच होतात. २६ दिवसांत २,६०० रुपये गेले. दर न बदलता मजुरी कापली गेली. या शर्टाचा दर ६० रुपये व्हायला हवा होता.

मागावर हीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. मीटरचा दर एकच ठेवला आणि कापड बदलले तर विणकर मारला जातो. एका इंचात ४४ पीक असलेल्या कापडाच्या एका मीटरला सुमारे १,७३० पीक पडतात, तर ६० पिकाच्या कापडाला सुमारे २,३६०. माग मिनिटाला १६० पीक मारत असेल तर पहिल्या कापडाचा मीटर सुमारे अकरा मिनिटांत निघतो आणि दुसऱ्याचा सुमारे पंधरा मिनिटांत. म्हणजे दुसऱ्या कापडाचा मीटरदर तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा अधिक वाढवावा लागेल. सूत कच्चे असले, वारंवार तुटत असले, तर तो वेळ वेगळाच. सूत मालकाने आणलेले असते, त्याचा भुर्दंड विणकराने का सोसावा?

म्हणून नियम असा ठेवावा. नवीन नमुना आला की दोन दिवस मध्यम हाताच्या कारागिराकडून तो करून पाहावा, वेळ मोजावा आणि मग कारागिराच्या समक्ष दर लावावा. काम सुरू झाल्यावर दर कमी करू नये. एखादा कारागीर जलद हातामुळे अधिक कमावू लागला म्हणून दर पाडणे ही तर सरळ बेइमानी आहे. त्याचा हात अल्लाहची देणगी आहे, आपली नव्हे.

सणासुदीला, विशेषतः ईदपूर्वी, रात्र-रात्र मशिनी चालतात. ठरलेल्या वेळेबाहेरच्या कामाला कायद्याने दुप्पट दर आहे. रमजानमध्ये रोजेदार कारागिराकडून सहेरीपर्यंत काम घेऊन त्याला केवळ ‘जजाकल्लाह’ म्हणणे पुरेसे नाही.

५. पगार केव्हा द्यावा?

वेतन संहितेनुसार रोजंदारीचे पैसे त्याच दिवशी काम संपताना, आठवड्याचे साप्ताहिक सुट्टीपूर्वीच्या कामाच्या दिवशी, पंधरवड्याचे पंधरवडा संपल्यापासून दोन दिवसांत आणि महिन्याचे पुढील महिन्याच्या सात तारखेपर्यंत दिले पाहिजेत. काम सोडणाऱ्याचा किंवा काढून टाकलेल्याचा हिशोब कामाच्या दोन दिवसांत पुरा करायचा आहे. ‘सोडून गेलास ना, आता महिनाभर फेऱ्या मार’ ही आपल्याकडील सवय शरीअतच्या आणि कायद्याच्या दोन्ही विरुद्ध आहे.

उशिरा पगार देण्याचे नेहमीचे कारण म्हणजे ‘पार्टीकडून पेमेंट आले नाही.’ परंतु उधारीवर माल देण्याचा निर्णय मालकाने घेतला होता, कारागिराने नव्हे. ऐपत असताना देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले आहे. ऐपतच नसेल अशी वेळ येऊ नये म्हणून एक साधा उपाय आहे. पगाराची पेटी वेगळी ठेवावी. समजा, पाच माणसांचा महिन्याचा पगार ७५,००० रुपये होतो. कामाचे दिवस २६ धरले तर रोज सुमारे २,९०० रुपये विक्रीतून आधी या पेटीत किंवा वेगळ्या बँक खात्यात टाकावेत आणि मग उरलेल्यातून माल भरावा. सुरुवातीला जड वाटेल. पण ज्या दिवशी २,९०० रुपये निघत नाहीत, त्या दिवशी धंदा कोठे चालला आहे हेही आपल्याला समजेल.

६. उचल, दंड आणि नुकसान

लग्न, आजारपण, घरदुरुस्ती यांसाठी कारागीर उचल मागतो. ती देणे ही नेकी आहे. पण उचल म्हणजे कर्ज. तारीख, रक्कम आणि महिन्याला किती वळते करायचे, हे दोघांच्या सहीने लिहावे. तिच्यावर कोणताही जादा पैसा किंवा तिच्या बदल्यात कमी दर घेणे हे व्याजाच्याच वाटेने जाते. सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत अशी कायद्याची मर्यादा आहे; पण मुलाबाळांचा माणूस असेल तर निम्मी कपातही फार होते. उचल देऊन माणूस बांधून ठेवणे आणि बाकी फिटेपर्यंत त्याला दुसरीकडे जाऊ न देणे ही वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने ती बंद केली आहे. जाणाऱ्याला जाऊ द्यावे, बाकी कर्ज म्हणून हप्त्याने मागावी.

नुकसानीचा प्रश्न असाच नाजूक आहे. हॉटेलात कप फुटला, गॅरेजमध्ये पाना हरवला, कापताना कापड बिघडले की लगेच पगारातून वळते केले जाते. फिकहप्रमाणे पगारी नोकराच्या ताब्यातील वस्तू अमानत असते. त्याने निष्काळजीपणा किंवा आगळीक केली नसेल तर नुकसान त्याच्या माथी मारता येत नाही. काम करणाऱ्याच्या हातूनच वस्तू फुटते. खाडा झाला तर त्या दिवसाचा पगार कापता येईल, पण एका खाड्याला दोन दिवस कापणे हा जुलूम आहे.

७. ईदी, जकात आणि पगार वेगवेगळे

येथे आपल्या व्यापाऱ्यांनी विशेष सावध राहावे. रमजानमध्ये काही मालक आपल्या गरीब कारागिराला जकातची रक्कम देतात आणि मनात बोनसच्या खात्यावर मांडतात. काहीजण जकात दिल्यामुळे त्या वर्षी पगारवाढ टाळतात. कारागीर जकातचा पात्र असेल तर त्याला जकात देणे योग्यच आहे. परंतु ती त्याच्या कामाच्या मोबदल्यात धरली, तर मोबदलाही दिला गेला नाही आणि जकातही अदा झाली नाही, अशी दुहेरी हानी होते. जकात हा गरिबाचा हक्क, मजुरी हा कष्टाचा हक्क. एकाच पैशाने दोन कर्जे फेडता येत नाहीत.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्याकडे पूर्ण वेळ राबणारा माणूस जकातला पात्र का राहतो? कुटुंब मोठे असेल, आजारपण असेल, ही कारणे असू शकतात. पण आपला पगारच अपुरा असेल, तर आधी पगार दुरुस्त करावा आणि जकात त्या विधवेला, त्या अनाथाला पोहोचवावी, जिला किंवा ज्याला कमावणारा कोणी नाही.

ईदी, कपडे, दुपारचे जेवण या गोष्टी प्रेमाने द्याव्यात. पण जेवण-राहणे पगाराचा भाग धरायचे असेल तर त्याची किंमत आधी ठरवावी. महिनाभर जेवू घालून शेवटी ‘जेवणाचे कापले’ म्हणणे ही फसवणूक होय. बोनसचा कायदेशीर नियम वीस किंवा अधिक माणसांच्या ठिकाणी लागू आहे. ठराविक वेतनमर्यादेपर्यंत किमान ८.३३ टक्के बोनस द्यावा लागतो. दहा किंवा अधिक माणसे असतील तर ग्रॅच्युइटीही लागू होते, सर्वसाधारणपणे सलग पाच वर्षांच्या नोकरीनंतर, दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. महिना १३,००० रुपये पगार आणि दहा वर्षे नोकरी असेल तर १३,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले १०, म्हणजे ७५,००० रुपये. आपल्याकडे चारच माणसे असल्याने कायदा लागू होत नसेल. पण ज्याने आपल्या दुकानात जवानी घालवली त्याला रिकाम्या हाताने घरी पाठवताना मन शांत राहील काय?

८. मालकानेही पगार घ्यावा

‘मलाच उरत नाही, यांना कोठून देऊ?’ ही तक्रार पुष्कळदा खरी असते. पण बहुतेक लहान दुकानांत गल्ला आणि खिसा एकच असतो. घरचे लग्न, मोटारसायकल, पाहुणे सगळे गल्ल्यातून होते. मग कारागिराच्या पगाराच्या वेळी गल्ला रिकामा दिसतो. ह. अबू बक्र (रजि.) कापडाचे व्यापारी होते. खलीफा झाल्यावर ते नेहमीप्रमाणे कापड घेऊन बाजारात निघाले, तेव्हा राज्यकारभार आणि व्यापार एकत्र चालणार नाही म्हणून सहाबांनी बैतुलमालमधून त्यांच्यासाठी ठराविक वेतन नेमून दिले. आपणही स्वतःचा महिन्याचा पगार ठरवावा, तेवढाच घ्यावा आणि वर्षअखेर नफा पाहावा. तेव्हाच दुकान कारागिरांना किती देऊ शकते हे खऱ्या अर्थाने समजेल.

मंदी आलीच तर लपवू नये. सर्वांना बसवून खाते दाखवावे, आधी स्वतःचा पगार कमी करावा आणि मग त्यांच्या संमतीने पुढील महिन्यापासून कामाचे तास किंवा दिवस कमी करावेत. झालेल्या कामाची मजुरी मात्र कमी करता येत नाही. ती आधीच कर्ज झालेली असते.

कारागिरांची जबाबदारीही तेवढीच आहे. वेळेत हजर राहणे, मालकाच्या वेळेत दुसऱ्याचे काम न करणे, कापड-सूत-सुट्टे भाग यांची अमानत राखणे, उचल घेऊन गावी पळून न जाणे, हे त्यांच्यावर बंधनकारक आहे. मापात पाप करणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये जो इशारा दिला आहे, तो पूर्ण पगार घेऊन अर्धे काम करणाऱ्यालाही लागू पडतो आणि पूर्ण काम घेऊन अर्धा पगार देणाऱ्यालाही.

९. एका पानाचा करार

प्रत्येक कारागिरासाठी वहीचे एक पान ठेवावे आणि त्यावर पुढील गोष्टी लिहाव्यात. त्याला वाचता येत नसेल तर साक्षीदारासमोर वाचून दाखवावे व एक प्रत त्याला द्यावी.

(१) नाव, कामावर आल्याची तारीख, कामाचे स्वरूप व पायरी.
(२) कामाची वेळ, जेवण व नमाजची सुट्टी, आठवड्याची सुट्टी.
(३) महिन्याचा पगार किंवा प्रत्येक नगाचा दर. नमुना बदलल्यास दर कसा ठरेल.
(४) जादा तासांचा दर.
(५) पगाराचा दिवस.
(६) जेवण, राहणे दिले असल्यास ते मोफत की पगारात धरून, आणि किती रुपयांचे.
(७) उचल, परतफेडीचा हप्ता व बाकी.
(८) काम सोडताना दोघांनी किती दिवस आधी सांगावे.
(९) दोघांच्या सह्या व एका साक्षीदाराची सही.

दर महिन्याला हजेरी, एकूण मजुरी, कपात आणि हातात दिलेली रक्कम याची चिठ्ठी द्यावी. तंटा झाला तर ही चिठ्ठी मालकाचेही रक्षण करते.

१०. स्वाध्याय

येत्या जुम्यापूर्वी पुढील प्रश्नांची उत्तरे स्वतःच लिहून पाहावीत.

१. माझ्याकडील प्रत्येक माणसाला आपली मजुरी किती, हे काम सुरू करण्यापूर्वी माहीत होते काय?
२. माझे दर सरकारी किमान वेतनाच्या खाली आहेत काय?
३. शेवटची दरवाढ कोणत्या वर्षी केली? त्यानंतर मी मालाचे भाव किती वेळा वाढवले?
४. सारख्या कामाला सारखी मजुरी मिळते काय, की नाते आणि ओळख पाहून बदलते?
५. गेल्या वर्षी किती महिने पगार उशिरा झाला?
६. काम सोडून गेलेल्या कोणाचा हिशोब माझ्याकडे बाकी आहे काय? असल्यास त्याचा पत्ता शोधून पैसे पाठवावेत.
७. मी जकात पगाराच्या किंवा बोनसच्या जागी दिली आहे काय?
८. माझ्या मुलाने याच पगारावर दुसऱ्याच्या दुकानात काम करावे, हे मला चालेल काय?

बुखारी शरीफमध्ये गुहेत अडकलेल्या तीन माणसांची हकिकत आहे. त्यांपैकी एकाकडे एक मजूर आपली मजुरी न घेता निघून गेला होता. या माणसाने ती रक्कम बुडवली नाही. ती धंद्यात लावून वाढवली आणि मजूर परतला तेव्हा गुरेढोरांसह सगळी मिळकत त्याच्या हवाली केली. संकटाच्या घडीला त्याने हेच कर्म अल्लाहसमोर मांडले आणि गुहेच्या तोंडावरील दगड सरकला. आपल्या वहीत कोण्या मजुराची रक्कम बाकी असेल तर तीही अशीच जपावी आणि शक्य तितक्या लवकर पोहोचवावी.

अल्लाह आपल्या कमाईत बरकत देवो आणि कोणत्याही कष्टकऱ्याचा हक्क आपल्या मानेवर न राहो. आमीन.